अळीची खरी लांबी

३ सप्टेंबर, सोमवार

दादाची वही वेगळी आणि ही वेगळी. त्याच्या वहीत अळीची लांबी, रंग, किती पानं खाल्ली, कात टाकली का, एवढंच लिहायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. म्हणून मत इथे लिहितो. अळी हा अत्यंत घाणेरडा प्राणी आहे.

आज सकाळी दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतला पडदा सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी तो जागेवर बसवला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुड्याने पडदा दाबून धरावा म्हणून दादाने दहा दिवस तोंड जमिनीकडे करून राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून. डावा डोळा जन्मापासून मंद, त्याला उजेड आणि हलत्या सावल्या तेवढ्या कळतात. म्हणजे जे काय आहे ते या एका डोळ्यावर.

माझा हा भाऊ चाळीस वर्षं नकाशे काढायच्या कचेरीत होता. केसाएवढी रेघ हाताने मारायचा. लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतो आणि निवृत्त झाल्यापासून परसातल्या कण्हेरीवर हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगाच्या अळ्या शोधतो. त्या पेटीत ठेवतो, वाढवतो, रोज मापं घेतो, चित्र काढतो आणि पतंग झाले की सोडून देतो. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर माणसाने पाणी मागावं. हा म्हणाला, सहा अळ्यांना सकाळपासून पानं मिळालेली नाहीत. मी म्हटलं, बघतो. त्यावर त्याने परस्पर ठरवूनच टाकलं की दहा दिवस मीच बघणार. मी कवळ्या करतो, एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर मला चैन पडत नाही, तेव्हा हे काम माझ्याइतकं कोणाला जमायचं नाही. स्तुती करून गळ्यात मारायची त्याची जुनी पद्धत आहे.

४ सप्टेंबर, मंगळवार

पेटी म्हणजे माशांची जुनी काचेची टाकी. वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधलेला. तो काढल्याबरोबर कुजक्या पाल्याचा भपकारा आला. तळाशी काळ्या लेंड्यांचा थर. दादा म्हणतो त्या लेंडीला सहा खोबणी असतात, मुद्दाम बघण्यासारख्या. मी बघितल्या नाहीत.

माझ्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या तोंडातले ठसे येतात. कधी एखाद्याला कालच्या जेवणाचा कण चिकटलेला असतो. त्याचं मला काही वाटत नाही. दाताला कडकपणा असतो, आकार असतो. अळीला काय आहे? कातडीत भरलेलं पाणी, आणि एका टोकाला शिंग. तेही शेपटीवर.

हातमोजे घालून कॅलिपर जवळ नेला. तिने डोकं आत ओढलं आणि तोंडातून हिरवा रस काढला, तो थेट माझ्या कॅलिपरवर. ज्या कॅलिपरने मी उद्या कोणाची तरी दाढ मोजणार आहे, त्याच्यावर. तो दहा मिनिटं उकळला. बायकोने विचारलं, कुठल्या पातेल्यात? मी बोट दाखवलं. पातेलं तिने टाकून दिलं.

सर्वांत मोठी बावीस मिलिमीटर भरली. हे माप खरं आहे.

६ सप्टेंबर, गुरुवार

काल मोजायला गेलोच नाही. पानं तोडली, पेटीत वरून टाकली, जाळी बांधली, डोळे मिटून. दादाला सांगितलं, सत्तावीस मिलिमीटर. एका दिवसात पाच, बरोबरच वाटलं. त्याने विचारलं, शिंगाचं टोक कुठल्या रंगाचं? मी म्हटलं काळं. बरं, म्हणाला.

आज मात्र पकडलं. मी बैठकीतूनच आलो आणि बत्तीस म्हणालो. तो पालथा, तोंड उशीच्या भोकात, तिथून आवाज आला, "परसाच्या दाराची कडी वाजली नाही."

मी म्हटलं, सकाळीच जाऊन आलो होतो. साठीला टेकलेला माणूस मी, आणि शाळेतल्या पोरासारखा कानकोंडा झालो.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आज कडी नीट वाजवली. परसात पाच मिनिटं उभा राहिलो, पेटीकडे पाठ करून. शेजारच्या भिंतीला ओल आली आहे ती बघितली. मग आत येऊन सदतीस सांगितले. दादाच्या वहीत माझं अक्षर दादापेक्षा सुबक दिसतं, हे मात्र खरं.

९ सप्टेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो. पानं टाकताना एक अळी काचेला लोंबकळताना दिसली, मधून काळी पडलेली, मऊ. चिमट्याने हलवली तर तिच्या अंगातून पांढरे किडे बाहेर यायला लागले. वळवळत, एकामागून एक, सात तरी होते. मी चिमटा टाकून पळालो. न्हाणीघरात जाऊन जे व्हायचं ते झालं.

नंतर हिनेच ती पेटीतून उचलून पुरली. हिला किळस येत नाही का विचारलं. म्हणाली, "तीन वर्षं तुमच्या आईचं सगळं केलंय मी. अळीचं काय घेऊन बसलात?"

दादाच्या वहीत सहाच लिहिल्या. आजारी माणसाला मरणाची बातमी कशाला द्यायची? लांबी सत्तेचाळीस.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज नाइलाजाने बघावं लागलं, कारण एक जाळीवरच चढून बसली होती. बोटाएवढी जाड झाली आहे. डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे, माझ्याकडे रोखलेले. तसंच दादाला सांगितलं, तर तो उशीत हसला. ते डोळे नव्हेत म्हणे, नुसते ठिपके, पाखरांना घाबरवायला. त्यांनी तिला काही दिसत नाही. मग मला शरम वाटली की मी नुसत्या ठिपक्यांना घाबरलो.

त्याला बोलताना बरं वाटत होतं. अर्धा तास बोलला. कात टाकली की अळी ती जुनी कात खाऊन टाकते, असंही सांगितलं. माझं जेवण व्हायचं होतं.

१३ सप्टेंबर, गुरुवार

दहा दिवस संपले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पडदा छान चिकटला आहे म्हणाल्या. दादाने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, तुझ्या मिशीला प्लास्टर लागलंय. खरंच लागलं होतं. मला इतका आनंद झाला की दवाखान्यात सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. आठवडाभर धुळीत, परसात जायचं नाही. आणि डोळ्यापुढे काळा पडदा सरकतोय असं वाटलं तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. दादा हो हो म्हणाला.

परसात जायची बंदी माझ्या पथ्यावर पडली. पेटीत पाचच आहेत ना.

१५ सप्टेंबर, शनिवार

दादा सारखा म्हणतो, पेटी आत आण, खोलीत बघतो. मी म्हणतो, पाल्याची धूळ डोळ्यात जाईल. डॉक्टरांच्या नावाचा इतका उपयोग मला आयुष्यात झाला नव्हता. लांबी सत्त्याहत्तर. ऐकून त्याने जरा वेळ घेतला, मग म्हणाला, लिही.

१७ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस दादाने पेटीचं नाव काढलं नाही. मला हायसं वाटलं. रेडिओ लावून खिडकीशी बसून असतो. समोर भिंतीवर घड्याळ आहे, तरी वाजले किती हे मला विचारतो. आजारपणात माणूस आळशी होतो.

ही म्हणते, दादांनी पाणी भांड्याच्या बाहेर ओतलं. मी म्हटलं, अजून डोळ्यात वायू असेल, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं असं बाई म्हणाल्याच होत्या. "पण गुरुवारी तुमची मिशी दिसली होती," ही म्हणाली. बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढायचं असतं. सत्त्याऐंशी सांगितले.

१९ सप्टेंबर, बुधवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी पानं टाकायला गेलो. सर्वांत मोठी अळी पेटीच्या तळाशी सैरावैरा फिरत होती. तिचा हिरवा रंग गेला होता. अंग तपकिरी, पाठ जवळजवळ काळी, आणि जिथून जाईल तिथे ओली चिकट घाण. पान पुढे केलं तर तोंड लावेना. मला वाटलं, हीसुद्धा सडली. आता हिच्यातूनही किडे निघणार. दादाच्या अकरा वर्षांच्या कामाची मी पंधरा दिवसांत वाट लावली, असं वाटलं. तेव्हा ठरवलं की सांगून टाकायचं. पेटी उचलली आणि तशीच त्याच्या खोलीत नेली. वास सगळ्या घरात पसरला.

टेबलावर ठेवून म्हटलं, दादा, बघ बाबा काय झालंय ते. तो खुर्ची ओढून आला. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. आणि म्हणाला, "झकास. हिरवीगार आहे. चांगली पोसलीस."

क्षणभर मला वाटलं, मला सांभाळून घेतोय. मी त्याच्या जागी असतो तर घेतलं नसतं. पण तो अजून काचेकडेच बघत होता, आणि अळी त्याच्या नाकासमोरून चालत दुसऱ्या टोकाला गेली, तरी मान वळली नाही.

मी विचारलं, "किती आहेत पेटीत?"

"सहा," तो म्हणाला.

मी म्हटलं, पाच आहेत. एक नऊ तारखेला मेली, मी तुला सांगितलं नाही. आणि ही तपकिरी आहे, हिरवी नाही.

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग आधी अळीचं बोलला. तपकिरी झाली म्हणजे कोश करणार, सगळ्याच होतात, घाण टाकतात आणि जागा शोधत फिरतात. तिला सुकी पानं दे. मी विचारलं, तुला कधीपासून दिसत नाही? रविवारपासून, म्हणाला. वरून झाकण उतरत यावं तसं रोज थोडं थोडं. आज खालची एक फट राहिली होती.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा दादावर ओरडलो. बाईंनी त्याच दिवशी यायला सांगितलं होतं, तू तीन दिवस रेडिओ ऐकत बसलास?

तो शांतपणे म्हणाला, "बाई नाही म्हणाल्या असत्या, तर मग ते कायमचंच नाही. म्हणून गेलो नाही. आणि तू मला सांगतोस? कालपर्यंत ब्याण्णव मिलिमीटर केलीस ती अळी. अकरा वर्षांत एकोणनव्वदच्या पुढे एकही गेलेली नाही. कात टाकायच्या आधी ती वाढत नाही, उलट आखडते. तुझी रोज पाच-पाचने वाढते. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

मग बोलला का नाहीस, असं विचारलं. म्हणाला, बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. पालथं पडून दिवस जात नाही.

अळीची मला पंधरा दिवस किळस येत होती. आज दुपारी गाडीत त्याचा हात धरून बसलो होतो तेव्हा स्वतःची आली. बाईंनी तपासलं आणि आम्हा दोघांनाही धारेवर धरलं. पडदा पुन्हा सुटला आहे. उद्याच ऑपरेशन.

२० सप्टेंबर, गुरुवार

झालं. या वेळी वायू नाही, तेल भरलं. पुन्हा दहा दिवस पालथा. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरात हिंडण्याफिरण्यापुरती नजर येईल, माणसं ओळखेल. बारीक रेघेचं मात्र विसरा. रविवारी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

पेटी पुन्हा परसात ठेवली होती, तिच्यातल्या पाचही अळ्यांनी सुक्या पानांत कोश केले. परसातल्या दुसऱ्या कण्हेरीवर नव्या अळ्या दिसल्या, बारीक, पिवळट. मी स्वतःहून आठ आणल्या आणि मोजल्या. हातमोजे घालून, चेहरा वाकडा करून, पण मोजल्या. सर्वांत मोठी चौदा. एकीने मोजा रसाने भरवला.

दादाच्या उशाशी बसून वही वाचून दाखवली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग उशीतून म्हणाला, "खरं वाचतोस की खोटं, मला कसं कळणार? बंद कर ती वही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

२९ सप्टेंबर, शनिवार

रोज मोजतो. वाचून मात्र दाखवत नाही. दादा जेवतो, औषध घेतो, विचारलं तर उत्तर देतो. ही म्हणते, घरात माणूस आहे असं वाटतच नाही. मी त्याला अळीने कात कशी टाकली ते सांगायला गेलो. डोक्याचं टरफल आधी निघतं आणि तोंडावर मुखवट्यासारखं लोंबतं, हे मी खरंच बघितलं. तो म्हणाला, असेल.

२ ऑक्टोबर, मंगळवार

परवा दादा उठला. डोळ्यात भरलेल्या तेलातून त्याला दार दिसतं, खिडकी दिसते, माझी उंची दिसते. पेन्सिल हातात दिली तर ती खाली ठेवली.

आज कारखान्यात कवळीचं मेण तापवत असताना मनात आलं की माझ्याकडे त्याला द्यायला शब्द सोडून दुसरं काहीतरी आहे. लोक माझ्या शब्दावर कवळी घालत नाहीत. तोंडात घालून बघतात, लागली तर तिथल्या तिथे सांगतात.

दोन दाढांची कामं बाजूला सारली आणि मेणाची अळी करायला घेतली. ती कशी असते हे आठवेना. पोटाकडच्या पायांच्या जोड्या किती? शिंग पुढे झुकतं की मागे? महिनाभर बघूनही मला माहीत नव्हतं. घरी जाऊन पेटीसमोर स्टूल टाकून दोन तास बसलो. इतक्या जवळून ती आणखी ओंगळ दिसते. कातडीवर घड्या, घड्यांत ओल, आणि चालताना आतलं सगळं पुढे सरकताना दिसतं. अंगाच्या बाजूला बारीक ठिपके आहेत. ती श्वास घ्यायची भोकं, असं दादाच्या जुन्या वहीत सापडलं. तीही मेणात सुईने कोरली.

४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दादा खिडकीशी बसला होता. काही न सांगता मेणाची अळी त्याच्या हातात ठेवली. त्याने आधी ती खाली ठेवायला हात पुढे केला, मग थांबला. अंगठा शेपटीकडून फिरवला. शिंगावर आला, तिथे दोनदा फिरवला.

"प्रमाण काय धरलंस?" त्याने विचारलं.

एकास दोन, मी म्हटलं.

मग तो नखाने हळूहळू एका बाजूने पुढे आला. ओठ हलत होते. माझ्या हातून गेलेली कवळी पहिल्यांदा तोंडात घालताना माणसं जशी गप्प होतात तसा गप्प होता. डोक्याशी येऊन पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. म्हणाला, श्वासाची भोकं आठच आहेत. मी म्हटलं, आठच असतात, मी दोन तास बसून मोजलीत.

"नऊ असतात. एक अगदी पुढे, मानेच्या घडीत. ती घडी तू उचलली नाहीस."

खरं होतं. ती घडी उचलायची म्हणजे तिच्या तोंडाशी बोट न्यावं लागतं.

परसात गेलो. हातमोज्याने ती पातळ कातडी धरता येईना, सटकत होती. मोजा काढला. अळी गार होती आणि हाताखाली हलत होती. मानेची घडी नखाने वर केली तशी तिने सगळा हिरवा रस माझ्या बोटांवर ओतला, बोटांमधून मनगटापर्यंत. तरी सोडली नाही. भोक दिसलं. तिथेच कॅलिपर लावून लांबीही घेतली.

आत येऊन सांगितलं, नऊ आहेत. त्याने मान हलवली. लांबी सांगायला मी जरा कचरलो, कारण काल बासष्ट होती आणि आज एकसष्ट भरली होती. खोटी वाटेल अशीच होती. तरी सांगितली. म्हटलं, दादा, एकाने कमी भरतेय, दोनदा मोजली.

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मेणाची अळी त्याच्या मुठीत होती आणि तिच्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

"उद्या कात टाकेल," तो म्हणाला. "वही घे. आजची तारीख घाल, आणि मधले दिवस कोरे सोड."